वीस तोंडांचा फासा



क्षमावाणीच्या दिवशी बस्तीत तीन-चारजणींनी मला एकच प्रश्न विचारला, "काकू, तुम्ही म्हणे मोबाईलवर पोरांबरोबर गेम खेळता?" एकीच्या आवाजात कौतुक होतं, बाकीच्यांच्या आवाजात काळजी. उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी तो 1974 साली छापून काढला. पट नाही, सोंगट्या असल्या तर असल्या. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र होतात. सांगणारा म्हणतो, पुढे नदी आहे, पूल मोडलाय. पात्रं म्हणतात, आम्ही हे करतो, ते करतो. जमलं की नाही हे फासा ठरवतो. तो फासा वीस तोंडांचा. प्रत्येक तोंड पडण्याची शक्यता पाच टक्के, म्हणजे अकरा किंवा जास्त हवे असतील तर बरोबर निम्मी. बी.कॉम.ला संख्याशास्त्र शिकले होते, त्याचा चाळीस वर्षांनी हा उपयोग झाला.

सांगणाऱ्याला तिकडे डंजन मास्टर म्हणतात. आमच्याकडे सूत्रधार म्हणतात, आणि गेली काही वर्षं तो सूत्रधार मी आहे.

हे काम माझ्याकडे कसं आलं ते थोडक्यात. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये माझ्या थोरल्या नातवाने सगळ्या भावंडांना व्हिडिओ कॉलवर जमवून हा खेळ सुरू केला. मी बाजूला मटार सोलत ऐकायची. 2022 मध्ये तो कॉलेजला गेला आणि त्याला वेळ मिळेना. पोरं हिरमुसली. तो म्हणाला, "आज्जी, तू चालव. गोष्टी तुलाच येतात." गोष्टी मला येतात हे खरं आहे. पुराणातल्या कथा सांगून मी दोन पिढ्यांना जेवू घातलंय.

पण व्हिडिओ कॉल काही जमेना. खेळणारी सहाजणं. धाकटा नातू न्यू जर्सीत, भावाची नात मेलबर्नला, माझी नात पुण्यात, भाचीचा मुलगा बेळगावात, दिराचा नातू सांगलीत. सहाव्या मुलीची ओळख मी देत नाही, का ते पुढे कळेल. आपल्याकडे सकाळचे सात वाजतात तेव्हा मेलबर्नची शाळेत असते, न्यू जर्सीचा झोपायच्या तयारीत असतो आणि इथली पोरं एक मोजा हातात घेऊन दुसरा शोधत असतात. सगळे एका वेळी मोकळे आहेत अशी वेळ घड्याळात सापडली नाही. म्हणून आम्ही खेळ लिहून खेळायला लागलो. मी दुपारी मागचं आवरून चार ओळी लिहिते आणि ज्याला जेव्हा जमेल तेव्हा तो उत्तर लिहितो.

मला वाटलं होतं, ही आमचीच युक्ती. थोरल्याने सांगितलं की टपालाने खेळण्याची पद्धत फार जुनी आहे. बुद्धिबळ तर लोक पत्राने खेळायचेच. 1970 साली अमेरिकेत रिक लूमिस नावाच्या माणसाने टपालाने चालवायचा खेळ सुरू केला आणि पुढे त्याची कंपनीच काढली. खेळणारे चाल पत्राने पाठवायचे, तो सगळ्यांचा हिशेब करून निकाल परत टपालाने धाडायचा. आम्ही माहेरच्या आंतर्देशीय पत्राची वाट बघायचो तशी ही माणसं निकालाची वाट बघत असणार.

आता त्यातल्या अडचणींबद्दल. पहिली आणि सगळ्यात मोठी अडचण वेळेची आहे. समोरासमोर बसून जी मारामारी वीस मिनिटांत संपते ती लिहून खेळताना दोन आठवडे चालते. नियम असा की प्रत्येकाने आपल्या पाळीने चाल करायची. सहाजण आणि एक माझी पाळी, अशा सात पाळ्यांची एक फेरी. चार फेऱ्या धरल्या तर अठ्ठावीस पाळ्या. प्रत्येकाने सरासरी अर्धा दिवस घेतला तरी चौदा दिवस झाले! तोवर लढाई कशासाठी चालली होती हेच पोरं विसरतात. म्हणून आम्ही एकेकाची पाळी काढून टाकली. आता एका दिवसात सहाजणांनी हवं त्या क्रमाने लिहायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी मी सगळ्यांचा एकत्र निकाल लावते. चार फेऱ्या म्हणजे चार दिवस. सासूबाई पंगतीला एकेकाला वाढायच्या नाहीत, पानं एकदम मांडायच्या, तसंच हे.

दुसरं म्हणजे "तर" घालून लिहायचं. "मी दार ढकलतो" एवढंच लिहिलं की मी लिहिणार "दार उघडत नाही", मग तो दुसऱ्या दिवशी लिहिणार "खिडकी बघतो". दोन दिवस त्यातच जातात. त्याऐवजी "दार ढकलतो, उघडलं नाही तर खिडकीने जातो, खिडकीला गज असतील तर हाक मारतो" असं लिहिलं की एका दिवसात तीन पायऱ्या होतात. बेळगावच्याला हे लगेच जमलं. तो इतके "तर" घालतो की पुढे वकील होईल.

माझ्या लिहिण्याचंही असंच. "आता काय कराल?" असं विचारलं की सहाहीजणं गप्प, जो तो दुसऱ्याची वाट बघतो. "भाजी कुठली करू?" असं घरात विचारून बघा, काय उत्तर येतं. "कुठलीही"! पण "वांगी करू की भेंडी?" म्हटलं की लगेच तोंडं उघडतात. म्हणून माझं रोजचं लिखाण अशाच ठिकाणी थांबतं, जिथे काहीतरी ताबडतोब ठरवायलाच लागतं. दिव्यातलं तेल अर्धं झालंय आणि वाटा दोन आहेत, असं काहीतरी. लिखाण आठ-दहा ओळींच्या वर गेलं की न्यू जर्सीचा वाचत नाही. त्याला देवनागरी अक्षर अक्षर जुळवून वाचावं लागतं. तरी वाचतो बरं का. त्याची आई सांगते की शनिवारच्या मराठी शाळेपेक्षा या खेळाने तो जास्त शिकला.

फाशाची गंमत वेगळी. सुरुवातीला जो तो आपापल्या घरी फासा टाकून आकडा कळवायचा. सांगलीच्या आमच्या साहेबांना दर दुसऱ्या वेळी वीस पडायचे! मी काही बोलले नाही. सत्याणुव्रतावर प्रवचन दिलं असतं तर तो खेळातूनच उठला असता. आम्ही डिस्कॉर्ड नावाचं ॲप वापरतो, त्यात फासा टाकणारं यंत्र जोडता येतं. आज्ञा लिहिली की आकडा सगळ्यांसमोर पडतो. तेव्हापासून त्याला सात, चार, अकरा असे माणसासारखे आकडे पडतात. तो खूश आहे, कारण आता वीस पडले की सगळे त्यावर विश्वास ठेवतात.

त्याच ॲपमध्ये मी दोन खोल्या केल्यात. एकीचं नाव रंगमंच, दुसरीचं ओसरी. रंगमंचावर फक्त पात्रांनी बोलायचं. गप्पा, भांडणं, गृहपाठ, "मावशीने काय पाठवलं" हे सगळं ओसरीवर. पूर्वी हे एकत्र असायचं तेव्हा राक्षसाच्या तोंडचं वाक्य आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक एकाखाली एक यायचे. आणि एक सक्त नियम, दुसऱ्याच्या पात्राने काय केलं, त्याला काय वाटलं, ते आपण लिहायचं नाही. "मी हात पुढे केला" इथपर्यंत आपलं. तो हात धरायचा की झिडकारायचा, हे ज्याचं त्याने. (हा नियम मोठ्या माणसांच्या घरातही लावता आला असता तर!)

जमाखर्च मी वहीत ठेवते. डाव्या पानावर रोजमेळ, म्हणजे आज कोणी काय केलं. उजव्या पानावर प्रत्येकाचं खातं: किती मोहरा, किती औषधं, कोणाचं कोणाला देणं. मेलबर्नची एकदा म्हणाली, तिच्याकडे दोर आहे. वही काढली. दोर तिने पाच महिन्यांपूर्वी एका नावाड्याला दिला होता. आमच्या खेळात तो नावाडी भेटून चार दिवसच झाले होते! खेळातला एक आठवडा म्हणजे घरातले सहा-सात महिने, त्यामुळे लक्षात ठेवणं कोणालाच शक्य नाही. वही नसेल तर सूत्रधाराने या भानगडीत पडूच नये.

आता वहिनींच्या आक्षेपाकडे वळते. वहिनी मला स्पष्टच म्हणाल्या, "पोरांना मारामारी शिकवतेस. लिहिलेली असली तरी ती हिंसाच." हा आक्षेप मी हसण्यावारी नेला नाही. या खेळाच्या पुस्तकात लढाईचेच नियम जास्त आहेत हे खरंच आहे. आणि आपल्याकडे भावहिंसा हा काही लहान विषय नाही. यशोधर राजाची कथा तुम्हाला माहीत आहे. आईच्या आग्रहासाठी त्याने जिवंत प्राणी मारला नाही, पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला. तेवढ्याने मायलेकांना मोर, कुत्रा अशा योनींतून फिरावं लागलं. सोमदेवांनी ती कथा संस्कृतात लिहिली, जन्नाने 1209 साली कन्नडात, आणि इतकी शतकं ती टिकली आहे ती पिठाच्या त्या कोंबड्यामुळेच.

नेमका त्याच सुमाराला रंगमंचावर एक प्रसंग आला. एक दरोडेखोर जखमी होऊन पडला होता आणि सांगलीच्याने लिहिलं, "तलवार चालवतो. संपला." पुण्याच्या नातीने ओसरीवर विचारलं, "आज्जी, नुसतं लिहिलं तरी पाप लागतं का?"

मी यशोधराची कथा तीन भागांत लिहिली. सगळ्यांनी वाचली. बेळगावच्याने लगेच मुद्दा काढला, "पण राजाला खरंच वाटत होतं की बळी दिला तर संकट टळेल. म्हणून तो खरा बळी. आम्हाला माहीत आहे की हा खेळ आहे." सांगलीचा म्हणाला, "मला नव्हतं माहीत. मला राग आला होता." त्याने हे बोलून दाखवलं नसतं, मला खात्री आहे. लिहिलं, कारण लिहिताना समोर कोणाचं तोंड दिसत नाही.

त्यानंतर आम्ही एक नियम केला. प्रत्येक कृतीखाली एक ओळ हेतूची लिहायची. काय करतो आणि का करतो. संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी हे हिंसेचे चार प्रकार पोरांना पाठशाळेत घोकून पाठ होते, पण मागच्याला वाचवायला वार करणं आणि पडलेल्यावर वार करणं यातला फरक त्या हेतूच्या ओळीने कळायला लागला. खेळाच्या पुस्तकातही सोय आहे. जवळून केलेल्या शेवटच्या वाराने शत्रूचं बळ शून्यावर आलं तर मारायचं की बेशुद्ध करायचं, हे वार करणाऱ्याने ठरवायचं असतं. हे मला थोरल्याने दाखवलं. आता आमच्याकडे बहुतेक दरोडेखोर बेशुद्ध पडतात आणि शुद्धीवर आल्यावर तक्रारी सांगतात. त्यामुळे गोष्ट लांबते. एकजण तर गेले दोन महिने आमचा स्वयंपाकी आहे, आणि बेळगावच्याचं पात्र रात्री जेवत नसल्यामुळे त्याला सूर्यास्ताच्या आत चूल पेटवावी लागते. वहिनींचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. त्या अजून नाक मुरडतात. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित मीही मुरडलं असतं.

हेतूच्या ओळीचा आणखी एक फायदा झाला. लिहिलेल्यात आवाज नसतो. "बरं." असं कोणी लिहिलं की ते रागाने लिहिलं की सहज, ते कळत नाही. हल्लीच्या पोरांमध्ये तर पूर्णविराम दिला म्हणजे राग आला असं समजतात, आणि मी प्रत्येक वाक्याला पूर्णविराम देते! हे मला मेलबर्नचीने फार हळुवारपणे समजावलं. पूर्णविराम मी सोडला नाही, पण आता त्यांना माहीत आहे की आज्जीचा पूर्णविराम म्हणजे शाळेतल्या बाईंची शिस्त.

न दिसणाऱ्या तोंडाची खरी अडचण मात्र गप्प बसण्यात आहे. समोर बसलेलं मूल गप्प झालं तर कळतं की कंटाळलंय, रुसलंय की ताप आहे. लिहिण्याच्या खेळात गप्प म्हणजे फक्त रिकामी जागा. असे खेळ बहुतेक असेच संपतात, थोरला सांगत होता. भांडण होत नाही, कोणी निरोप घेत नाही. एकजण लिहायचा थांबतो, मग दुसरा, आणि एक दिवस सूत्रधार एकटाच नदीकाठी उभा असतो. यासाठी आम्ही ठरवलंय की दोन दिवस उत्तर आलं नाही तर ते पात्र सगळ्यांच्या मागून चालत राहील. बोलणार नाही, पण हरवणार नाही. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत तर मी सुट्टीच जाहीर करते. मुनिसंघ चातुर्मासात एके ठिकाणी राहतो तशी आमची मंडळी फेब्रुवारी-मार्चमध्ये एखाद्या धर्मशाळेत मुक्काम करतात.

आता सहाव्या मुलीबद्दल. हे लिहिण्याआधी मी तिला विचारलं आहे. तिच्या पात्राचं नाव कस्तुरी, औषधी जाणणारी. मागच्या वर्षी तिचे वडील गेले, अचानक. तेव्हा आमची मंडळी एका गुहेत शिरत होती आणि कस्तुरी बाहेर दिवा घेऊन राखणीला थांबली होती. तिने लिहिलेली शेवटची ओळ तीच: "मी इथे थांबते, तुम्ही जाऊन या."

त्यानंतर सात आठवडे काही नाही. घरी मी जाऊन आले, तिच्या आईजवळ बसले. पोरीने पाणी आणून दिलं, पण खेळाचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. इकडे बाकीच्यांची गुहा संपली. बाहेर आल्यावर कस्तुरीचं काय करायचं? मागून चालवायची हा आमचा नियम होता, पण ती तिथे स्वतः म्हणून थांबली होती. न्यू जर्सीच्याने सुचवलं की तिला शूर मरण देऊ या, म्हणजे तिला मान मिळेल. इतर ठिकाणी असं करतात म्हणे, जो येत नाही त्याचं पात्र मारून टाकतात. तो लहान आहे, त्याने चांगल्या मनाने सुचवलं. पण ज्या घरात नुकतंच मरण झालंय त्या घरच्या मुलीने एक दिवस मोबाईल उघडला आणि आपणही मेलेलो आहोत असं वाचलं तर? मी ओसरीवर एवढंच लिहिलं की कस्तुरी राखणीला आहे आणि गुहेला अजून एक दालन आहे.

त्या दालनात मी पोरांना महिनाभर फिरवलं. तिथे कोडी घातली, आंधळा वाटाड्या आणला, जमिनीखालची विहीर काढली. सगळ्यांना कळत होतं की आज्जी वेळ काढतेय, पण एकानेही तसं म्हटलं नाही. रोजच्या लिखाणाच्या शेवटी मी एक ओळ घालायची: बाहेर कस्तुरीचा दिवा दिसतो आहे. तिचं नाव घेऊन बोलवायची नाही, तिला खूण पाठवायची नाही, विचारायचं नाही. ओळ मात्र रोज. काही दिवस मलाच वाटायचं, हे कोणासाठी लिहितेय?

एका रात्री उशिरा रंगमंचावर ओळ आली. "कस्तुरी: दिव्यातलं तेल संपत आलंय. कोणी आणून देईल का? हेतू: अंधार नको."

मी सकाळी सामायिक आटोपून बघितलं तोवर पाचहीजणांनी लिहून झालं होतं. न्यू जर्सीचा शाळेतून येऊन पहिला पोचला होता. मेलबर्नचीने पहाटे उठून लिहिलं होतं. एकाने तेल दिलं, एकाने आपला अख्खा कंदील, सांगलीच्याने सगळ्या मोहरा. बेळगावच्याने तीन "तर" घालून लिहिलं की तेल कमी पडलं तर तो स्वतः तिच्याजवळ बसेल. फासा कोणीच टाकला नाही, आणि मीही मागितला नाही.

ती आता आठवड्यातून दोनदा-तीनदा लिहिते. पूर्वीसारखी विनोद करत नाही. चालायचंच.

ज्यांना आपल्या नातवंडांबरोबर हे करून बघायचं आहे त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं. सहाजण घेऊ नका, चार पुरे. खेळाचे मूळ नियम 2023 च्या जानेवारीपासून सर्वांना फुकट वापरायला खुले केलेत, महागडी पुस्तकं आणायची गरज नाही. वीस तोंडांचा फासा नसला तरी चालतो. एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या करून डब्यात घाला, एकीने काढायची आणि परत टाकायची, शक्यता तीच. वही मात्र जाड पुठ्ठ्याची घ्या, दोनशे पानी. माझी तिसरी चालू आहे. आणि लिहायची वेळ एकच ठेवा. माझी अडीचची आहे. आज पावणेतीन झालेत आणि ओसरीवर दोघांनी विचारलंय, आज्जी कुठे आहे?